रोजकीर्द, खतावणी आणि ग्रहण
खग्रास चंद्रग्रहणांचे चक्र व त्याविषयीचे लेखन : एक तपासणी

खग्रास चंद्रग्रहण होऊन गेले की मराठीत त्यावर दोन प्रकारचे लेखन येते. पहिल्या प्रकारात लेखक वाचकाला सांगतो की पूर्वीचे लोक अडाणी होते, राहू चंद्राला गिळतो असे मानत होते. मग विज्ञान आले, सावलीचे गणित कळले आणि भीती गेली. दुसऱ्या प्रकारातला लेखक सांगतो की आपल्या पूर्वजांना हे सगळे आधीच ठाऊक होते, पाश्चात्त्यांनी ते नंतर शोधले. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेचे खग्रास ग्रहण झाले, तेव्हाही हेच दोन सूर पुन्हा ऐकू आले. दोघांचे भांडण जुने आहे. मात्र ग्रहणांच्या चक्राचा इतिहास नीट पाहिला तर दोघांचीही मांडणी त्या इतिहासाला लागू पडत नाही, असे मला वाटते. दोन्हींतून एक माणूस सारखाच वगळला जातो. तो म्हणजे नोंद ठेवणारा.

आधी चक्र म्हणजे काय ते पाहू, कारण लोकप्रिय लेखांत ते एका वाक्यात उरकले जाते. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला दोन ठिकाणी छेदते. त्या बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. राहूपासून निघून पुन्हा राहूपाशी यायला चंद्राला सरासरी २७.२१ दिवस लागतात. शिवाय चंद्र पृथ्वीच्या कधी जवळ, कधी दूर असतो. जवळच्या स्थानापासून पुन्हा तिथे यायला २७.५५ दिवस. या तीन वेगवेगळ्या फेऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ सहजी बसत नाही. पण २२३ पौर्णिमा मोजल्या तर ६५८५.३२ दिवस होतात. राहूच्या २४२ फेऱ्यांना ६५८५.३६ दिवस, जवळ-दूरच्या २३९ फेऱ्यांना ६५८५.५४ दिवस. तिन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आहेत. म्हणून आज जसे ग्रहण झाले, साधारण तसेच ग्रहण १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी पुन्हा होते. मध्ये लीप वर्षे किती येतात त्यावर ११ चे १० दिवस होऊ शकतात.

त्या ८ तासांमुळे मोठा फरक पडतो. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश वळते आणि ग्रहण जगाच्या दुसऱ्याच भागात दिसते. २०२५ च्या ग्रहणाचेच उदाहरण घ्या. त्याचा मध्य आपल्याकडे रात्री ११ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास झाला. याच मालिकेतले आधीचे ग्रहण २८ ऑगस्ट २००७ चे. त्याचा मध्य भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास होता, महाराष्ट्रात चंद्र क्षितिजाखाली. त्याआधीचे १७ ऑगस्ट १९८९ चे, सकाळी साडेआठच्या सुमारास. तेव्हाही आपल्याकडे चंद्र मावळलेला. त्याआधीचे मात्र ६-७ ऑगस्ट १९७१ च्या रात्री, श्रावणी पौर्णिमेला, मध्य रात्री सव्वा वाजता. म्हणजे राखी पौर्णिमेच्या त्या रात्री ज्यांनी अंगणातून तांबूस चंद्र पाहिला, त्यांना त्याच मालिकेतला चंद्र पुन्हा रात्री डोक्यावर दिसायला ५४ वर्षे लागली. तीन चक्रांच्या या मोठ्या फेऱ्याला, म्हणजे ६६९ महिने किंवा १९,७५६ दिवसांना, ग्रीकांनी वेगळे नाव दिले होते. गेमिनस या लेखकाच्या ग्रंथात हा आकडा आहे.

मालिकाही अमर नसते. वरच्या बेरजांत पहिल्या दोघींमध्ये पाऊण तासाहून थोडा अधिक फरक राहतो. त्यामुळे दर वेळी चंद्र सावलीतून किंचित सरकून जातो. २०१८ च्या जुलैमधले दीर्घ खग्रास ग्रहण ज्या मालिकेतले आहे, ती १३५१ मध्ये सावलीच्या कडेला फिकट स्पर्श होऊन सुरू झाली आणि २६१३ मध्ये संपेल. तिच्यात ७१ ग्रहणे आहेत, पण खग्रास फक्त ११ : पहिले १९१० चे, शेवटचे २०९० चे. मधल्या २००० सालच्या ग्रहणात खग्रास स्थिती तब्बल १ तास ४६ मिनिटे टिकली. आरंभी आणि अखेरीला शतकानुशतके नुसती छायाकल्प आणि खंडग्रास ग्रहणे.

आता नावाकडे येतो. मराठीत आणि इतरत्रही एक वाक्य वारंवार छापले जाते : ‘बॅबिलोनच्या लोकांनी हे चक्र शोधले व त्याला सारोस असे नाव दिले.’ वाक्याचा पहिला भाग खरा, दुसरा खोटा. हे नाव एडमंड हॅलीने १६९१ मध्ये दिले. प्लिनीच्या ग्रंथाच्या काही प्रतींत ग्रहणचक्राचे महिने २२२ असे पडले होते. तिथे २२३ हवे, हे हॅलीने बरोबर ओळखले. पण ‘सुदा’ नावाच्या बायझंटाइन कोशात ‘सारोस’ या शब्दाखाली २२२ महिन्यांचा उल्लेख सापडल्यावर त्याने तो शब्द या चक्राला जोडून टाकला. मुळात ‘सार’ हा बॅबिलोनी शब्द ३६०० या संख्येसाठी होता. बॅबिलोनचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या बेरोसस या पुरोहितानेही तो ३६०० वर्षांच्या अर्थानेच वापरला. पुढे शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी पाँडिचेरीला आलेला फ्रेंच खगोलज्ञ ल जांतील याने १७५६ मध्येच ही चूक दाखवली होती. विसाव्या शतकात ओटो नॉयगेबाउअर या गणितेतिहासकाराने ती ऐतिहासिक दंतकथेचा नमुना म्हणून पुन्हा मांडली. तरी नाव चालूच राहिले. ते आता बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. पण ज्यांनी चक्र शोधले ते त्याला काय म्हणत होते? त्यांच्या पाट्यांवर नुसते ‘१८ वर्षे’ असे आहे. वही ज्या काळाची असेल तेवढेच तिच्यावर लिहावे, तसे.

हे साधे नाव महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून हे काम कोणत्या प्रकारच्या माणसांनी केले ते कळते. बॅबिलोनमध्ये कारकून मातीच्या ओल्या पाट्यांवर रोजच्या नोंदी करत. उपलब्ध नोंदींपैकी सर्वांत जुनी ख्रिस्तपूर्व ६५२ ची आहे, शेवटची ख्रिस्तपूर्व ६१ ची. चंद्र कधी उगवला, कोणता ग्रह कुठे होता, आकाश ढगाळ होते का, हे त्यात आहेच. त्याच पाटीवर महिन्याच्या शेवटी युफ्रेटिस नदीचे पाणी किती चढले-उतरले ते आहे, आणि जव, खजूर, मोहरी, अळीव, तीळ व लोकर यांचे बाजारभाव आहेत. आपल्याकडच्या पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर ही रोजकीर्द झाली. तिच्यावरून त्यांनी खतावणीही तयार केली : ग्रहणांच्या याद्या १८-१८ वर्षांच्या रकान्यांत अशा मांडल्या की एका रकान्यातल्या ग्रहणाच्या शेजारी पुढच्या रकान्यातले त्याचे जुळे यावे. यातल्या काही याद्या ख्रिस्तपूर्व आठव्या शतकापर्यंत मागे जातात. २२३ महिन्यांत ग्रहणाच्या ३८ शक्यता येतात, आणि त्या ८, ७, ८, ७, ८ अशा पाच गटांत पडतात, हे या मांडणीतून त्यांच्या हाती लागले. ‘शक्यता’ हा शब्द जपून वापरला आहे. जे ग्रहण आपल्या क्षितिजावर दिसणार नव्हते, त्याचीही नोंद ते ठेवत.

इथे मराठी लेखनातली पहिली मांडणी अडखळते. हे कारकून निधर्मी वैज्ञानिक नव्हते. ग्रहण हा राजाच्या मृत्यूचा शकुन आहे, असे ते मनापासून मानत. चंद्राच्या बिंबाचे चार भाग करून प्रत्येक भाग एकेका देशाला वाटून दिलेला होता; सावली कोणत्या भागावर आली त्यावरून संकट कोणत्या राजावर ते ठरे. त्या वेळी आकाशात गुरू दिसत असेल तर राजा वाचला. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात असिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या दरबारातल्या पंडितांची पत्रे सापडली आहेत. त्यांत अशुभ ग्रहणानंतर खऱ्या राजाला लपवून गादीवर दुसराच माणूस बसवण्याच्या विधीची तपशीलवार चर्चा आहे. हा तात्पुरता राजा जास्तीत जास्त १०० दिवस राज्य करी. मग त्याला मरावे लागे, म्हणजे शकुन खरा ठरे आणि राजा सुटे.

या विधीसाठी ग्रहण केव्हा होणार हे आधी कळणे फार सोयीचे होते. म्हणजे भीती होती म्हणून मोजणी झाली, आणि मोजणी अचूक होत गेली तरी भीती शतकानुशतके तशीच राहिली. ‘गणित कळले की भीती जाते’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण या चक्राच्या जन्मकथेत त्याला आधार नाही. आपल्याकडेही नाही. आपल्या पंचांगात स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष यांच्या वेळा मिनिटाबरहुकूम दिलेल्या असतात, आणि खालच्याच ओळीत वेध केव्हा लागतात तेही. गरोदर बाईने चिरू-कापू नये, हे सांगणारी आजी ती मिनिटे बघूनच तिला सांगते. त्या बाईला भिंतीला टेकून तासन्‌तास बसावे लागते ते गणित चुकीचे असल्यामुळे नव्हे. पंचांगातले गणित बरोबर आहे हे सिद्ध केल्याने तिची सुटका होत नाही, आणि ते गणित आपल्या पूर्वजांचे होते हे सिद्ध केल्यानेही होत नाही. तिच्यासाठी वेगळा, सरळ युक्तिवाद करावा लागेल, आणि तो या दोन्ही प्रकारच्या लेखांत बहुधा नसतो.

दुसरी मांडणीही तपासू. ‘आपल्याकडे सारोस माहीत होते’ असे सांगण्याची गरज का वाटावी? आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते हे स्पष्ट सांगितले. आपल्या सिद्धान्तग्रंथांची रीत वेगळी होती : सूर्य, चंद्र आणि राहू या तिघांची स्थाने काढायची आणि छायेचा आकार काढून ग्रहण ठरवायचे. अशा रीतीत १८ वर्षांच्या यादीवाचून अडत नाही. विसंगती आपल्याकडेही होतीच. ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे गणित छायेवरूनच केले, आणि तरी राहूला नाकारणाऱ्यांना परंपरेच्या नावाने दोष दिला. अल्‌बिरूनीने सुमारे १०३० मध्ये या विसंगतीवर बोट ठेवले आणि ब्रह्मगुप्ताने हे भीतीपोटी लिहिले असावे, असा तर्क केला. ग्रहणाविषयीच्या लेखनाची ही माझ्या माहितीतली सर्वांत जुनी सडेतोड समीक्षा आहे.

आकडे मात्र देशांच्या सीमा ओलांडून फिरत असतात. १८२५ मध्ये जॉन वॉरन या मद्रासच्या एका अधिकाऱ्याने ‘कालसंकलित’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पाँडिचेरीच्या एका तमिळ पंचांगकर्त्याने त्याला जमिनीवर कवड्या मांडून, पाठ केलेल्या वाक्यांवरून, त्या वर्षीच्या ३१ मे-१ जूनचे चंद्रग्रहण काढून दाखवले. ग्रहणाचा आरंभ ४ मिनिटांनी चुकला, मध्य २३ आणि शेवट ५२ मिनिटांनी. कागद नाही, लेखणी नाही. त्या पद्धतीच्या मुळाशी २४८ दिवसांत चंद्राच्या जवळ-दूरच्या ९ फेऱ्या, हे समीकरण आहे. तेच समीकरण बॅबिलोनच्या पाट्यांवरही आहे, आणि नॉयगेबाउअरने १९५२ मध्ये या तमिळ पद्धतीवर लिहिताना तो धागा दाखवला. यावरून ‘सगळे तिकडून आले’ असे म्हणता येत नाही. कवड्या आणि वाक्ये ही इथलीच घडण आहे. ‘सगळे आपलेच’ असेही म्हणता येत नाही. वॉरनच्या मते या पंचांगकर्त्याला सिद्धान्तांचा गंधही नव्हता, फक्त स्मरणशक्ती दांडगी होती. वॉरनला ही उणीव वाटली. मला वाटते, चक्र टिकवणाऱ्या माणसाचे इतके नेमके वर्णन दुसरे नाही.

महाराष्ट्रातही ग्रहण हीच पंचांगाची जाहीर परीक्षा होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-कोज्या टाळून सामान्य जोशालाही गणित जमावे, ही त्यामागची दृष्टी. त्यातले ११ वर्षांचे ‘चक्र’ ४०१६ दिवसांचे आहे. ते हिशेब लहान ठेवण्यासाठी आहे, ग्रहणांच्या पुनरावृत्तीशी त्याचा संबंध नाही. तरी नामसादृश्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ शकते. काही शतकांनी ग्रहलाघवाचे आकडे आकाशाशी जुळेनासे झाले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली आणि पंचांगशोधनाचा वाद सुरू झाला. तिथी चुकली तर जोशाखेरीज कुणाला कळत नाही. ग्रहण चुकले तर सगळ्या गावाला कळते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचे मोल मला इथेच वाटते : ग्रंथ कुठला, शक कोणता, आकडा किती आणि तो आकाशाशी जुळतो का, एवढे विचारत ते पुढे जातात. अभिमान आणि टीका दोन्ही नंतर येतात.

साहित्यानेही नोंद ठेवणाऱ्यावर अन्याय केला आहे. कोलंबस १५०३ च्या जूनपासून जमैकाच्या किनाऱ्यावर अडकला होता. स्थानिक ताइनो लोकांनी अन्न देणे थांबवल्यावर, २९ फेब्रुवारी १५०४ च्या खग्रास ग्रहणाची धमकी देऊन त्याने ते पुन्हा मिळवले. ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांत चातुर्याचा नमुना म्हणून येते. कोलंबसाच्या हाती दुसऱ्याने केलेले छापील पंचांग होते आणि त्याने त्यातली तारीख वाचली, हे त्यात फारसे येत नाही. बंड करून निघालेल्या खलाशांनी त्याआधी बेटावर लूटमार केली होती, हे तर मुळीच येत नाही. शिवाय ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती स्पॅनिश बाजूनेच. रायडर हॅगार्डच्या १८८५ च्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये आणि मार्क ट्वेनच्या १८८९ च्या ‘अ कनेक्टिकट यांकी’मध्ये हीच युक्ती आली, आणि पुढे तिची नक्कल होत राहिली : एक जाणता परदेशी आणि भ्यालेला जमाव. गंमत अशी की हॅगार्डने आधी सूर्यग्रहण घातले होते, तेही पौर्णिमेला लागून. चूक कळल्यावर पुढच्या आवृत्त्यांत त्याने चंद्रग्रहण केले. आणि ज्या खंडांत ‘अडाणी’ म्हणून ही गोष्ट रंगवली गेली, तिथल्याच माया लोकांच्या ड्रेस्डेन येथे असलेल्या पोथीत ४०५ पौर्णिमांचे, ११,९६० दिवसांचे ग्रहणकोष्टक आहे. त्यांच्या २६० दिवसांच्या पंचांगाच्या बरोबर ४६ आवृत्त्या.

एकट्या प्रतिभावंताला ग्रहणचक्र सापडू शकत नाही, हे या सगळ्यावरून लक्षात येते. एका जागी बसलेल्या माणसाला एका मालिकेतली तशीच रात्र पुन्हा दिसायला ५४ वर्षे लागतात. दोनदा दिसली तर तो भाग्यवान, तीनदा दिसणे जवळजवळ अशक्य. म्हणून बापाने लिहिलेले मुलाने वाचावे लागते, राजवट बदलली तरी पाटी फुटू नये लागते, आणि ढगांमुळे काही दिसले नाही हेही प्रामाणिकपणे लिहावे लागते. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. या चक्राचे श्रेय द्यायचे तर त्या वहीलाच द्यावे लागेल.

आज वेळ काढून देणारे गणित इतके अचूक आहे की नोंदीची गरज संपली, असे कुणी म्हणेल. पण गणित फक्त वेळ सांगते. खग्रास अवस्थेत चंद्र केशरी दिसेल, विटकरी की जवळजवळ नाहीसा होईल, हे पृथ्वीच्या वातावरणातल्या धुळीवर अवलंबून असते. १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र अतिशय काळवंडला. हा रंग मोजायला फ्रेंच खगोलज्ञ दाँजों याने १९२१ मध्ये शून्य ते चार अशी साधी श्रेणी सुचवली. तिला उपकरण लागत नाही, डोळे पुरतात. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनात बाराव्या-तेराव्या शतकांतल्या बखरी चाळल्या गेल्या. त्या दोनशे वर्षांत युरोपात झालेल्या ६४ खग्रास चंद्रग्रहणांपैकी ५१ ग्रहणांची नोंद तिथल्या बखरकारांनी केलेली सापडली. काळ्या चंद्राच्या नोंदींवरून जुन्या ज्वालामुखी स्फोटांचा काळ ठरवता आला. त्यातली एक महत्त्वाची नोंद जपानी कवी फुजिवारा नो तेइका याच्या रोजनिशीतली आहे, २ डिसेंबर १२२९ च्या ग्रहणाची. आठशे वर्षांनी कामाला आले ते त्याने त्या रात्री जे पाहिले तेच लिहिले म्हणून.

२०२५ च्या ग्रहणानंतर आपल्याकडे आलेल्या लेखनात राहू होता, सावली होती, पूर्वज होते, विज्ञान होते. सातारच्या किंवा सावंतवाडीच्या आकाशात चंद्र नेमका कोणत्या रंगाचा दिसला, ढग होते का, कडेला निळसर झाक होती का, हे माझ्या वाचनात आलेल्या लेखांत नव्हते. पुढे ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल, मध्य साधारण रात्री १० वाजून २२ मिनिटांनी. त्याच मालिकेतले ग्रहण आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७४ च्या रात्रीही दिसले होते. २०२८ ची वेळ पंचांगात छापून येईल. रंगाचा रकाना कोरा असेल. तो ज्याने-त्याने आपल्या गावातून, तारीख आणि वेळ घालून, भरायचा आहे.